सातव्या पायरीचा बोल

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून न उघडताच टाकून दिलं नसशील, तर वाच. पत्ता आत्याने दिला. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, देते, पण माझं नाव सांगू नकोस. सांगितलं. आता तुम्ही दोघं मिळून मला शिव्या घाला.

अकरा वर्षांनी लिहितोय म्हणजे याला काहीतरी हवं असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. हवंय. कामातलाच एक प्रश्न आहे आणि विचारायला दुसरं माणूस नाही. तू थापी कायमची खाली ठेवलीस हे ठाऊक आहे मला, पण हातातलं कुठे जातं.

माझा उजवा गुडघा दोन वर्षं रुसून बसलाय. वाटीच्या खाली एक जाड दोरी असते, मांडीचा जोर नडगीपर्यंत पोचवणारी. कंडरा म्हणतात तिला. वीस वर्षं उकिडवं बसून आणि गुडघ्यांवर सरकत फरशा बसवल्या, त्यात तिची वाट लागली. शेक झाला, मलम झालं, पट्टा झाला, दोन महिने पलंगावर लोळून झालं. लोळलो की बरं, कामावर गेलो की चौथ्या दिवशी जिना उतरताना तोंडात शिवी. शेवटी ठेकेदार म्हणाला, आधी पाय नीट कर, मग तोंड दाखव. आमच्या हिने मला जवळजवळ कान धरून एका फिजिओ बाईंकडे नेलं.

या बाई अंगाने एवढ्याशा, पण आवाज मुकादमाचा. मी त्यांना पंचेचाळीसबाई म्हणतो. पाय उचला, पंचेचाळीस सेकंद धरा, सोडा, परत पंचेचाळीस, हे त्यांचं पालुपद. त्यांचं म्हणणं, ही दोरी आरामाने बरी होत नाही, भार देऊनच होते. थोडा थोडा, वाढवत. किती दुखलं ते शून्य ते दहात सांगायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत सांगायचं. तीनपर्यंत चालेल, वर गेलं तर भार कमी. त्यासाठी एक वही दिलीय. "आकडा खरा लिहा," म्हणाल्या. "खोटा लिहिलात तर मी चुकीचा भार देईन, आणि तो तुमच्याच पायावर पडेल." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आता प्रश्न. व्यायामासाठी मागच्या खोलीत मी एक पायरी केली. तिच्यावर उजव्या पायाने उभं राहायचं आणि तीन मोजत डावा पाय खाली टेकवायचा. अशा पंधरा फेऱ्या, रोज सकाळी नऊला. विटांचा चौथरा बांधला. माळ्यावर आपल्या त्या जिन्याची एक उरलेली फरशी होती, करडी, कोपरा उडालेली, ती वर बसवली. बघून तुला बरं वाटणार नाही, पण पाय न घसरणारी दुसरी घरात नव्हती. दातेरी थापीने सगळीकडे सिमेंटचा माल ओढला, रेघा काढल्या, दाबली, ठोकली. बाबांची रीतही पाळली. फरशीला म्हटलं, "बोल," आणि लाकडी हातोड्याने तीनदा वाजवलं. भरीव बोलली. बाबांसारखाच "बसली" म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजवली तर पोकळ.

पुऱ्या मालावर बसलेली, कुणी पाय न ठेवलेली फरशी दुसऱ्या दिवशी पोकळ का बोलावी? विटा भिजवायच्या राहिल्या का? तू सांगशील तसं करतो. एवढंच हवं होतं.

जिन्याचं झालं ते झालं. बाबांनी तुला बोल लावला तेव्हा मी मधे पडायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. त्याचा या पत्राशी संबंध नाही. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा धाकटा


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतंच, तरी रोज दारातल्या पेटीत हात घालून येतो. ही म्हणते, तेवढाच पायाला व्यायाम.

मी फरशी उचलून बघितली. ऐक नीट, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढेल. खाली माझ्या रेघा नव्हत्या. खाली पाच गोळे होते. चार कोपऱ्यांना चार, मधे एक, आणि बाकी सगळी हवा. बाबा म्हणायचे ना, फरशीला बटणं लावली, तसं. बटणं लावायचं काम मी करत नाही. शिकाऊ असताना एकदा केलं तेव्हा बाबांनी अख्खी खोली उपटायला लावली होती, तुझ्यासमोर. तू हसला होतास.

म्हटलं, माझाच डोळा चुकला असेल. सगळं खरवडलं, विटा भिजवल्या, परत माल ओढला, परत रेघा. भरीव बोलली. दोन दिवसांनी पोकळ. उचलली, परत पाच गोळे. असं आतापर्यंत तीनदा झालंय. माल गार होता, घट्ट होता, आणि त्याला जुन्या मालाचा तो आंबूस वास येत होता.

आणखी एक. ही सव्वाआठला ऑफिसला जाते. मग मी एकटाच. नऊला व्यायाम सुरू करतो, पंधरा वेळा खाली-वर, मग भिंतीला पाठ टेकून बसतो, घाम पुसतो. बरोबर सव्वानऊला त्या फरशीवर कुणीतरी वाजवतं. तीनदा. टक, टक, टक. पहिल्या दिवशी वाटलं पाल पडली. दुसऱ्या दिवशी वाटलं शेजारी कुलूप लावतोय. तिसऱ्या दिवशी मी फरशीपासून हातभर अंतरावर बसलो होतो आणि आवाज फरशीतून आला. तिच्यावर कुणी नव्हतं.

तुला वाटेल बाबा. मलाही तेच वाटलं, लपवत नाही. पण आवाज लाकडाचा नाही दादा, लोखंडाचा आहे. किल्लीसारखा. बाबांनी जन्मात फरशीला लोखंड लावलं नाही. मग कोण?

गुडघा ठीक आहे. बाईंना दोन सांगतो.

मला एवढंच म्हणायचंय, की सगळ्यांना माहीत आहे कुणाची पायरी कुठली होती. एकाआड एक बसवायची, म्हणजे लोकांना जा-ये करता येते. विषम तुझ्या, सम माझ्या. बाबा सातवीवरून घसरले. फरशीचा कोपरा पायाखाली तुटला आणि ते थेट खालच्या वळणावर. खुबा गेला, दीड वर्ष अंथरुणात काढलं, मग गेले. अंथरुणातून त्यांनी मला एकदाच विचारलं, सातवी कुणाची, आणि मी जो नियम होता तो सांगितला. नियमच सांगितला. तू समोर होतास, तूही काही बोलला नाहीस.

कुठलं कुठे गेलो. विटा भिजवून काही होत नाही, एवढं कळवायचं होतं.

धाकटा


मंगळवार, ११ मार्च

दादा,

रागावला असशील. मागचं पत्र टाकल्यावर पेटीपाशी उभा राहिलो, परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

परवा रविवार होता, ही घरी होती. तिला खोलीत बसवलं आणि तिच्यासमोर फरशी बसवली. एकेक गोष्ट दाखवली. हा माल, ही दातेरी थापी, या रेघा. ती कपडे घडी घालता घालता म्हणाली, बाई गं, अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमचं काम मन लावून बघितलं, आता बक्षीस म्हणून स्वयंपाकघरातली गळकी मोरी पण करून टाका. आज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तिच्यासमोरच उचलली. पाच गोळे. मधल्या गोळ्यात अंगठा दाबल्याची खूण, आत नखाचा ठसासुद्धा.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "रेघा होत्या. मी बघितल्यात." मग त्या अंगठ्याच्या खुणेकडे बघत राहिली. मग विचारलं, "हे कुणाचं काम आहे?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती पर्स उचलून गेली. उशीर होत होता तिला.

पण त्याआधीच, गेल्या गुरुवारी, एक झालं होतं. तिला सुट्टी होती. मी पुढच्या खोलीत चहा पीत बसलो होतो, ती मागच्या दाराबाहेर कपडे वाळत घालत होती. आत येऊन म्हणाली, मघाशी ठोकत होतात तर ठोका, पण बोल-बोल काय लावलंय, कुणाला म्हणताय? मी म्हटलं मी तर इथे बसलोय. ती म्हणाली, थट्टा पुरे, आवाज काय मला ओळखू येत नाही का तुमचा. घड्याळात सव्वानऊ वाजून गेले होते.

म्हणजे आता नुसतं टकटक नाही, शब्दही आहे. तो मी स्वतः अजून ऐकलेला नाही. मला फक्त किल्ली ऐकू येते.

आता पायाचं सांगतो, कारण ते विचारायला तूच आहेस असं मी धरून चाललोय. बाईंच्या दवाखान्याला जिना आहे, पहिल्या मजल्यावर खोली. गुडघ्याच्या बाईने जिन्यावर बसावं म्हणजे कमालच, पण त्या म्हणतात, जो चढून येतो त्याचं अर्धं काम तिथेच कळतं. मी चढताना वाजवत जातो, काठी असते हातात. सहा पायऱ्या भरीव. सातवी पोकळ. आठवीपासून परत भरीव. बँकेचा जिना, सातवी पोकळ. हिच्या ऑफिसचा, सातवी पोकळ. आत्याच्या घराला पाचच पायऱ्या, तिथे पाय दुखत नाही. सातवी आली की वाटीखाली सुरी फिरते, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. बाईंना सांगितलं, त्यांनी कपाळाला आठ्या घालून लिहून घेतलं.

मग त्यांनी मला पायरीवरून उतरायला लावलं आणि विचारलं, किती. मी म्हटलं, दोन. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुमचा चेहरा सहा म्हणतोय," म्हणाल्या. "पाच आठवडे मी तुम्हाला दोनच्या हिशोबाने भार देतेय. दोरी आणखी बिघडली ती त्यामुळे. माझ्याशी खोटं बोलून तुम्हाला काय मिळतं हो?"

मी गप्प. तुला तर माहीतच आहे माझं गप्प बसणं.

दादा, एक ओळ टाक. शिवी घाल हवी तर.

धाकटा


सोमवार, २४ मार्च

दादा,

आज सकाळचा आकडा सात आहे. खरा.

गेल्या बुधवारी मी पडलो. पायरीवरून उतरताना गुडघ्याने एकदम हात झटकले आणि मी फरशीच्या बाजूला आडवा. लागलं काही नाही, पण उठवेना. अंग जमिनीवर, गाल चौथऱ्याला टेकलेला, डोळे फरशीच्या कडेशी. घड्याळ दिसत नव्हतं, पण सव्वानऊ झाले हे कळलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, फरशीवरची बारीक धूळ तीनदा उडाली. टक, टक, टक. आणि मग मीही ऐकलं. अगदी दमलेल्या माणसाचा आवाज, रोजच्या कामासारखा, राग नाही, काही नाही.

"बोल."

आणि मी बोललो. जमिनीवर पडल्या पडल्या, रिकाम्या खोलीत, मोठ्याने. म्हटलं, सातवी मी बसवली.

घे, तुलाही सांगितलं. आता सगळं सांगतो, मधे थांबलो तर परत लिहिणार नाही.

त्या दिवशी दुपारनंतर तू सांधे भरायचं सामान आणायला दुकानात गेलास. तुझ्या वाट्याची एकच राहिली होती, सातवी. तू म्हणाला होतास, राहू दे, उद्या मी येऊन लावतो, माल संपत आलाय. मला हिच्याबरोबर सहाच्या खेळाला जायचं होतं. तेव्हा आमचं नुकतंच जमलं होतं. म्हटलं, एवढी एक लावून टाकली की उद्या फक्त सांधे राहतील, अर्धा दिवस सुटेल. माल पुरेना म्हणून पाच गोळे टाकले. मधला अंगठ्याने दाबला. वर फरशी ठेवली, कड सारखी केली, निघालो. सिनेमा कुठला होता तेही आता आठवत नाही.

तू दुसऱ्या दिवशी आलास तर सातवी झालेली. मी म्हटलं, तूच नाही का काल लावलीस जाताना. तू डोकं खाजवलंस, म्हणालास, असेल. दिवसाला चाळीस फरशा लावणाऱ्याला प्रत्येक थोडीच आठवते. मला हसू आलं होतं तेव्हा, की याला किती सहज फसवता येतं.

आणि बाबा तपासायला आले. हातोडा घेऊन, खालून सुरुवात, प्रत्येक पायरीला बोल, बोल. चौथीपर्यंत आले आणि दम लागला त्यांना. मी म्हटलं, बाबा, पुढच्या सगळ्या मी वाजवून बघितल्यात, बसल्यात. त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाजवता काम सोडलं, कारण मी सांगितलं म्हणून. महिन्याने मालकाला भेटायला म्हणून वर गेले आणि उतरताना ते झालं.

सगळ्यात आधी तिथे मी पोचलो. लोकांनी बाबांना उचललं. मी फरशी उचलली. तिच्याखालचे गोळे खरवडून पोत्यात भरले, पायरी धुतली. तू आलास तेव्हा नुसता ओला सिमेंटचा भाग होता. मी म्हणालो होतो, आणखी कुणी घसरू नये म्हणून साफ केलं. व्यायामाच्या पायरीवर ठेवलेली फरशी माळ्यावरची उरलेली नाही, दादा. तीच आहे. बारा वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवली होती. का ठेवली ते मला विचारू नकोस. टाकवली नाही.

बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, विषम दादाच्या. तू दारात उभा होतास. मला वाटलं तू म्हणशील, नाही, माझी नाही. मी वाट बघितली, खरंच. पण तुझ्या चेहऱ्यावरून कळलं, की तू मनातल्या मनात तो दिवस शोधतोयस आणि तुला तो सापडत नाहीये. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि बाप मारल्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. बाबांनी शेवटपर्यंत तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. थापी सोडलीस, घर सोडलंस. मी तिथेच राहिलो, तुझी गिऱ्हाइकं घेतली, लोक म्हणायचे धाकटा कसा नीट निघाला.

मला वाटलं, खोलीत बोललो, आता थांबेल. गुरुवारी सव्वानऊला परत टक, टक, टक. शुक्रवारी परत. म्हणजे खोलीला सांगून भागत नाही. हिला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे.

तू मारली नाहीस दादा त्यांना. तुझी एकही फरशी कधी पोकळ नव्हती. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त ही पायरी तुझ्या नावावरून काढून माझ्या नावावर घे.

धाकटा


गुरुवार, १७ एप्रिल

दादा,

वहिनीचं पत्र काल आलं. तिने तू सांगितल्यावरून लिहिलं की स्वतःहून, ते कळलं नाही, म्हणून उत्तर तुलाच लिहितोय.

तिने लिहिलंय, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. रोज सकाळी सव्वानऊला तू कामावर निघतोस. जिन्याच्या सातव्या पायरीशी थांबतोस, खिशातून घराची किल्ली काढतोस, वाकून तीनदा वाजवतोस आणि म्हणतोस, बोल. मगच पाय ठेवतोस. अकरा वर्षं, पावसापाण्यात, तापातसुद्धा. शेजारी तुला टकटकसाहेब म्हणतात. मुलं लहान होती तेव्हा तू वाजवल्याशिवाय त्यांना उतरू द्यायचा नाहीस.

हे वाचलं आणि मी त्या मागच्या खोलीत जाऊन खाली बसलो. मी बाबा समजत होतो, दादा. फोनवर लोक आपल्या दोघांत गोंधळायचे, आत्यासुद्धा. हिने माझा आवाज म्हणून ओळखला तो तुझा होता, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मेलेल्या माणसाला मी घाबरत होतो, आणि तू जिवंतपणी रोज सकाळी तिकडे वाकत होतास.

वहिनी लिहिते, माझं मागचं पत्र तुला दोन तारखेला मिळालं. तू उभ्यानेच वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस, जेवला नाहीस. तीन तारखेला सव्वानऊला सातव्या पायरीशी थांबलास, किल्ली काढलीस, आणि नुसता उभा राहिलास. मग किल्ली परत खिशात घातलीस आणि उतरलास. रस्त्यापर्यंत जाऊन परत वर आलास, त्या पायरीवर बसलास आणि लहान मुलासारखा रडलास. वहिनीने दार लोटून घेतलं आणि आतून ऐकत बसली. तिने पुढे लिहिलंय, त्यांनी तुम्हाला माफ केलं का ते मला विचारू नका, मी तरी केलेलं नाही. तिचं बरोबर आहे.

मी वही काढून बघितली. दोन तारखेपर्यंत रोजच्या आकड्यापुढे मी एक छोटी खूण केलीय, सव्वानऊच्या आवाजाची. तीन तारखेला खूण नाही. त्यानंतर एकही नाही. चार तारखेला मी फरशी शेवटची बसवली, रेघा ओढून. आता पंधरा दिवस होत आले, भरीव बोलते. उचलून बघावीशी वाटते रोज. नाही उचलत. भरीव बोललेली उचलायची नाही, हे बाबांचंच.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज लिहायला बसलोय. वहिनीने एक जाता जाता लिहिलंय. फेब्रुवारीपासून तू सकाळी नऊ वाजता हातातलं सोडून दाराबाहेर जिन्यापाशी जाऊन उभा राहतोस. मान तिरकी करून ऐकतोस, ओठ हलत असतात. तिने विचारलं, काय ऐकताय. तू म्हणालास, कुणीतरी उतरतंय. तिला काही ऐकू येत नाही. जिन्यात कुणी नसतं.

आणि पत्राच्या पाठीमागे, तुझ्या त्या डावखुऱ्या, मागे कललेल्या अक्षरात, दोनच ओळी.

"आकडा खरा लिहीत जा. आणि पंधरा म्हणतोस, चौदाच होतात तुझ्या."

दादा, हे मी कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. बाईंना सांगितलं नाही, हिला सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून मी चौदा करतो आणि वहीत पंधरा लिहितो. पंधराव्याला फार दुखतं, आणि म्हटलं, बघायला कोण आहे.

काल पत्र वाचून वही मिटून ठेवली होती. आज सकाळी नऊला मात्र पायरीवर उभा राहिलो. पंधराही केल्या. शेवटची तीन मोजून उतरलो, डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं पायाचंच होतं असं म्हणत नाही. बाई आता चारच्या हिशोबाने भार देतात, म्हणतात पावसाळ्यापर्यंत जिना नीट उतराल, उकिडवं बसायला वर्ष लागेल.

आजचा आकडा पाच. किती झाल्या ते तू मोजलंच असशील.

तुझा धाकटा